पदोन्नती आणि शब्दगळती

तारनाक्याच्या सिग्नलला उभे राहून चारही दिशांना नजर टाकली, तर एवढ्याशा परिसरात साहेबांची जितकी दाटी आढळते, तितकी हैदराबादेत सचिवालय सोडून दुसरीकडे क्वचितच आढळेल. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, म्हणजे विभागप्रमुख, अधिष्ठाते, कुलसचिव आणि कुलगुरू. विद्यापीठाला खेटून राष्ट्रीय पोषण संस्था. उप्पल रस्त्याने हब्सीगुड्याकडे निघावे, तर रसायनांची आयआयसीटी, पेशींची सीसीएमबी आणि भूगर्भाची एनजीआरआय अशा तीन राष्ट्रीय प्रयोगशाळा. उलट्या दिशेला मेट्टुगुडा-लालागुड्याच्या रेल्वे वसाहती आणि त्यांत दक्षिण मध्य रेल्वेचे लहानमोठे अधिकारी. उरल्यासुरल्या ‘स्ट्रीट नंबर’च्या गल्ल्यांत प्रत्येक इमारतीला एक सोसायटी आणि प्रत्येक सोसायटीला एक अध्यक्ष. नेतृत्वशैलीचा अभ्यास करायला कोणी लाखो रुपये फी भरून अहमदाबादेस जात असेल तर खुशाल जावे. पण या परिसरातल्या साहेबलोकांच्या मोबाइलवरच्या उत्तरांकडे नुसते लक्ष दिले, तरी काम भागते. त्यातून एक नियम हाती लागतो. माणसाचे पद जसजसे वर चढते, तसतसे त्याचे शब्द गळत जातात.

‘उद्याची बैठक दहाऐवजी अकराला’ एवढा निरोप एखाद्या संस्थेच्या गटावर टाकून पाहावा. प्रकल्प सहायक उत्तर देतो, ‘आदरणीय सर, निरोप मिळाला. वेळेवर हजर राहतो. धन्यवाद सर’, आणि शेवटी जोडलेले दोन हात. शास्त्रज्ञ लिहितो, ‘नोटेड सर’. वरिष्ठ शास्त्रज्ञ लिहितो, ‘नोटेड’. त्याचा ‘सर’ मागच्याच बढतीत गळालेला असतो. विभागप्रमुख ‘ओके’वर येतो. संचालक अंगठा दाखवतात. त्यांच्याही वरचे जे कोणी दिल्लीत असतात, ते नुसत्या दोन निळ्या रेघा उमटू देतात आणि गप्प राहतात. एवढ्या पाचसहा उत्तरांवरून त्या संस्थेचा श्रेणीपट आणि वेतनश्रेणी, दोन्ही बिनचूक लिहून काढता येतात. भाषा कोणतीही असो, फरक पडत नाही. तारनाक्यात मराठी घरातला ‘बरं’, तेलुगू कचेरीतला ‘सरे’, दखनीतला ‘हौ’ आणि इंग्रजीतला ‘ओके’ असे चार होकार एकाच जिन्यावर नांदतात, आणि चारही ठिकाणी कायदा एकच: ज्याला एका शब्दात सुटता येते तो वरचा, ज्याला तीन ओळी लिहाव्या लागतात तो खालचा.

यावर कोणी म्हणेल की हा निव्वळ काटकसरीचा मामला आहे. पण काटकसर खर्चाच्या गोष्टीची करतात. तारेचा जमाना होता तेव्हा शब्दाशब्दाला पैसे पडत, म्हणून सावकार आणि शेतमजूर दोघेही सारख्याच तुटक भाषेत लिहीत. पोस्टाच्या खिडकीपुढे सगळ्यांची वाक्ये एकाच मापाने छाटली जात. १४ जुलै २०१३ रोजी देशातली तारसेवा बंद झाली. त्यानंतर शब्द जवळजवळ फुकट झाले, आणि नेमकी तेव्हापासून वरच्या मजल्यावर त्यांची टंचाई वाढली. फुकट मिळणारी वस्तू माणूस जपून वापरू लागला की त्यात पैशाची बचत नसते, प्रतिष्ठेची असते. गंमत अशी की ही बचत एकतर्फी आहे. साहेबांनी हाताखालच्याला ‘?’ पाठवले तर ती तत्परता. हाताखालच्याने साहेबांना ‘?’ पाठवले तर ती शिस्तभंगाची बाब.

अंगठ्याची गोष्ट तर फारच विचार करण्याजोगी आहे. ज्याला सही येत नाही त्याने अंगठा उठवायचा, ही रीत आपल्याकडे जुनी. पण त्या अंगठ्याला नियम होते. मजकूर आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, ‘वाचून दाखवले, समजले, कबूल आहे’ असे लिहायचे, अंगठ्यापुढे ‘निशाणी डावा अंगठा’ म्हणून नाव घालायचे आणि खाली दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. निरक्षर माणसाचा अंगठा एवढ्या बंदोबस्तात उठत असे. आजचा साक्षर अंगठा मजकूर पुरता उघडण्याआधीच उमटतो. ‘सर, यंत्राची दुरुस्ती दोन लाखांत होते, नवे नऊ लाखांना पडते, काय करू?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून अंगठा येतो. दुरुस्तीला अंगठा, की नव्याला? की प्रश्न छान विचारलास, म्हणून? येथून पुढे त्या कचेरीत एक नवा वर्ग जन्माला येतो, तो म्हणजे भाष्यकारांचा. साहेबांचा अंगठा दुपारच्या जेवणाआधीचा की नंतरचा, ‘ओके’च्या पुढे पूर्णविराम होता की नव्हता, मागच्या खेपेला अशाच अंगठ्यानंतर काय झाले होते, यावर चहाच्या टपरीपाशी चर्चा झडते. साहेबांचे वाचलेले पाच सेकंद चार माणसांचा मिळून अर्धा दिवस खातात. हिशेब संस्थेच्या खात्यावर मांडला, तर संक्षेपासारखी उधळपट्टी दुसरी नाही.

पण खरे नुकसान वेळेचे होत नाही, नेतृत्वाचे होते. आणि ते तीन बाजूंनी होते. पहिली गोष्ट, कारण लिहायची सवय गेली की कारण असण्याचीही गरज उरत नाही. ‘नवे यंत्र घेऊ नये, कारण…’ असे लिहायला बसलेल्या माणसाला ‘कारण’च्या पुढे काहीच सुचत नाही, असा अनुभव येण्याची भीती असते, ‘नको’ लिहिणाऱ्याला ती भीती नाही. दुसरी गोष्ट, संक्षेप श्रेय घेतो आणि दोष सोडून देतो. काम फत्ते झाले तर ‘मी ओके दिला होता’, फसले तर ‘मी नुसते ओके म्हटले होते’. तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक. साहेब फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलतात हे कळल्यावर हाताखालची माणसे त्यांच्याकडे फक्त हो-नाहीचे प्रश्न नेऊ लागतात. ज्याचे उत्तर ‘अंशतः’, ‘अमुक झाले तर’ किंवा ‘मलाही नीट कळत नाही, बसून बोलू’ असे असायला हवे, तो प्रश्न जिन्यावरच अडकतो. मग नेतृत्वाच्या नावाखाली उरतो तो टोलनाका: गाडी सोडायची किंवा थांबवायची. गाडी कुठे चालली आहे, हे विचारण्याची तेथे सोय नाही.

हे सारे मोबाइलने आणले, असे म्हणून मोबाइलला बदनाम करण्यात अर्थ नाही. सरकारी नस्तीवरचे शेरे आठवावेत. ‘पाहिले’ म्हणजे पाहिले, पण वाचले असे नव्हे. ‘चर्चा करावी’ म्हणजे कोणी कोणाशी, हे न सांगता महिनाभराची निश्चिंती. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे जे तपासूनच सादर केले होते, ते पुन्हा खाली. आणि शेऱ्यांचा राजा, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. नियम कोणता, हे विचारण्यासाठीच तर नस्ती वर गेलेली असते! निझामाच्या हैदराबादेतली उर्दू दफ्तरे असोत की मुंबईतले मंत्रालय, या चार शेऱ्यांचा अमल राज्ये बदलली तरी अबाधित राहिला. मोबाइलने एवढेच केले की पूर्वी जो अधिकार फक्त हिरव्या शाईला होता, तो आता सोसायटीच्या अध्यक्षांनाही मिळाला. पाण्याचा टँकर मागवायचा का, या प्रश्नावर तेही आता ‘नोटेड’ लिहितात, आणि चौथ्या मजल्यावर बादल्या मांडून लोक त्या ‘नोटेड’चा अर्थ लावत बसतात.

तोकड्या हुकुमाने काय होऊ शकते, याचा मराठी माणसाला तरी दाखला शोधावा लागू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा तेव्हापासून आपण सांगत आलो. रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिले, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी ती परंपरेची कथा. अक्षर खरोखर बदलले की नाही, यावर इतिहासकार वाद घालोत. प्रशासनाच्या दृष्टीने कथेचा धडा वेगळाच आहे. हुकूम जरा ऐसपैस असता तर बदलणे शक्यच नव्हते. ‘नारायणरावांस धरून, दोन वेळ जेवू घालून, बंदोबस्तात ठेवावे’ असे लिहिले असते, तर ‘ध’चा ‘मा’ करताच ‘मारून, दोन वेळ जेवू घालून’ असे काही तरी झाले असते आणि गारदीसुद्धा खुलासा विचारायला परत आले असते. आणखी एक गोष्ट अशी की त्या एका अक्षराने आपली सुटका होईल, असे कोणाला वाटले असेल तर ते चुकले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष रघुनाथरावांच्या पदरात टाकलाच. संदिग्ध हुकूम देणाराही गुन्हेगार असतो, हे आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वी ठरलेले आहे. फक्त कचेऱ्यांपर्यंत ते परिपत्रक अजून पोचलेले नाही.

अगदी तारनाक्याच्या दाराशी घडलेले उदाहरण हवे असेल, तर ९ डिसेंबर २००९ ची रात्र घ्यावी. केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी मोजक्या वाक्यांचे निवेदन केले: तेलंगण राज्याच्या निर्मितीची प्रक्रिया सुरू केली जाईल. उस्मानियाच्या आवारात जल्लोष झाला, कारण तिथे वाचले गेले ‘राज्य’. आंध्र आणि रायलसीमेत आमदारांच्या राजीनाम्यांची रांग लागली, कारण तिथेही वाचले गेले ‘राज्य’. दिल्लीने मात्र आपण ‘प्रक्रिया’ म्हटले होते, अशी समजूत करून घेतली आणि २३ डिसेंबरला, आधी सर्वांशी व्यापक सल्लामसलत व्हायला हवी, असे दुसरे निवेदन काढले. मग २०१० मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. तिने साडेचारशेहून अधिक पानांचा अहवाल दिला आणि त्यात एक सोडून सहा पर्याय मांडले. राज्य प्रत्यक्षात आले २ जून २०१४ रोजी. मधल्या साडेचार वर्षांत या परिसराने काय काय सोसले, ते इथल्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. ज्या गोष्टीला शेकडो पाने लागतात ती चार वाक्यांत उरकली, म्हणून पाने वाचत नाहीत. ती फक्त मागाहून लिहावी लागतात, आणि तोवर रस्ता बंद असतो.

आता संक्षेपवाद्यांच्या बाजूचे पुरावे नाकारून चालणार नाही. त्यांच्याकडे बडी नावे आहेत. पहिले नाव चर्चिलचे. ९ ऑगस्ट १९४० रोजी, डोक्यावर जर्मन विमाने घोंघावत असताना, त्यांनी मंत्रिमंडळाला आणि खात्यांना ‘संक्षेप’ याच विषयावर टिपण धाडले: अहवाल लांबट येतात, मुद्देसूद छोटे परिच्छेद लिहा. साहेबलोकांना हे टिपण फार आवडते. पण त्यातला पुढचा भाग ते वाचत नाहीत, कारण टिपण एक पानभर आहे! चर्चिलने त्यात असेही म्हटले होते की गुंतागुंतीचे विश्लेषण किंवा आकडेवारी असेल तर ती परिशिष्टात जोडा. म्हणजे त्यांना सांगाडा आखूड हवा होता, मांस फेकून द्यायचे नव्हते. शिवाय संक्षेप कसा करावा हे सांगायला त्यांनी मुद्द्यांना आकडे घालून एक पान खर्च केले. ‘बी ब्रीफ’ एवढे लिहून ते थांबले नाहीत.

दुसरे नाव जेफ बेझोस यांचे. तारनाक्याहून सकाळी निळ्या मार्गाच्या मेट्रोत बसून रायदुर्गकडे जाणाऱ्या संगणक अभियंत्यांना हे नाव सांगावे लागत नाही. त्या टोकाला, नानकरामगुड्यात, अॅमेझॉनने २०१९ मध्ये उघडलेली इमारत सुमारे पंधरा हजार कर्मचारी मावतील एवढी प्रचंड आहे. ग्राहकाच्या तक्रारीवर नुसते एक प्रश्नचिन्ह टाकून ती संबंधित अधिकाऱ्याकडे धाडायची, ही बेझोस यांची ख्याती. या चिन्हाने अधिकाऱ्यांची झोप उडत असे, आणि हैदराबादेतल्या कित्येक साहेबांनी तेवढाच गुण त्यांच्याकडून उचलला. पण याच गृहस्थाने २००४ मध्ये आपल्या वरिष्ठ बैठकांतून पॉवरपॉइंटला हाकलून दिले. मुद्द्यांच्या ठिपक्यांमागे अर्धवट विचार लपतो, म्हणून सलग वाक्यांत सहा पानी टिपण लिहून आणा, असा त्यांनी दंडक घातला. बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी, खुद्द त्यांनीही, ते टिपण शांतपणे वाचायचे. सहा पाने वाचणाऱ्याला एक प्रश्नचिन्ह शोभते. आपल्याकडे प्रश्नचिन्ह आले, सहा पाने सीमाशुल्कात अडकली.

तिसरे नाव सर्वांत जड, आणि ते घरचेच आहे. पी. व्ही. नरसिंह राव उस्मानियाचे विद्यार्थी. वंदे मातरम् म्हटल्याच्या प्रकरणी तिथून काढले गेले आणि नागपूरला जाऊन शिकले. पुढे रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेले आणि पंतप्रधान झाल्यावर मौनासाठी प्रसिद्ध झाले. २४ जुलै १९९१ रोजी परवानाराज मोडणारे औद्योगिक धोरण संसदेत आले. उद्योगखाते स्वतः रावांकडे असूनही ते पटलावर ठेवले त्यांच्या राज्यमंत्र्याने, तेही गाजावाजा न करता. न बोलता देश बदलता येतो, याचा आणखी पुरावा काय हवा, असे संक्षेपवादी विचारतील. पुरावा त्याच दिवशीचा आहे. काही तासांनी मनमोहन सिंग यांनी जे अर्थसंकल्पी भाषण केले, ते अठरा हजारांहून अधिक शब्दांचे होते. पंतप्रधान गप्प राहू शकले, कारण त्यांच्या वतीने कागद बोलत होते. आणि हा मौनी माणूस हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ऐसपैस मराठी कादंबरी तेलुगूत नेणारा होता, हे विसरू नये. दुसऱ्याचे लांबलचक म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा दम त्यांच्यात होता. जेव्हा कागदही बोलला नाही आणि माणूसही बोलला नाही, तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा, तेच मौन त्यांना आणि देशाला किती महाग पडले, हेही त्यांच्याच चरित्रात लिहिलेले आहे.

तेव्हा भांडण आखूडपणाशी नाही. पाणिनीने चार हजारांच्या आसपास सूत्रांत व्याकरण बसवले, आणि अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे आपल्याकडे म्हणतच आले आहेत. पण सूत्र शिकवायला गुरू समोर बसलेला असे आणि सूत्राचा अर्थ कसा लावावा, याचेही नियम ठरलेले असत. संक्षेप हे व्याज आहे. आधी घडलेल्या सविस्तर बोलण्याचे मुद्दल गाठीला असेल, तरच ते मिळते. शोधप्रबंधाच्या मसुद्यावर ‘रिवाइज’ एवढेच लिहिणारा मार्गदर्शक जर विद्यार्थ्याशी आधी तासन्‌तास बोललेला असेल, तर त्या एका शब्दात त्या सगळ्या तासांचे सार असते. जो एकदाही बोललेला नाही त्याचा ‘रिवाइज’ विद्यार्थ्याला स्वल्पविरामापासून आयुष्यापर्यंत सर्व काही बदलायला लावतो.

हे मुद्दल कसे जमवतात, ते पाहायलाही तारनाका सोडावे लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तत्त्वे सतरा, प्रत्येक एकेका वाक्याचे. मीठ बेताने खा, भाज्या भरपूर खा, या धाटणीचे. पण प्रत्येक वाक्यामागे का, किती आणि कसे याची पाने आहेत, आणि त्या पानांमागे कुन्नूरला १९१८ मध्ये सुरू होऊन १९५८ मध्ये हैदराबादेत आलेल्या संस्थेचे शतकभराचे काम आहे. वाक्य आखूड असूनही कोणाला भाष्यकार शोधावा लागत नाही. दुसरा धडा शेजारच्या रेल्वेचा. स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोनवर दोनच शब्दांत सांगतो की गाडी येते आहे, फाटक लाव. पण फाटकवाल्याचे ‘हौ साब’ तिथे चालत नाही. फाटक लावून झाल्यावर तो आपल्याजवळच्या तक्त्यातला एक ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो, मास्तर तो वहीत टिपतो, आणि मगच गाडी पुढे निघते. निरोप गेला, समजला आणि अमलात आला, याची ती पावती. लाखो लोकांचे प्राण या दोन शब्दांच्या संभाषणावर सुखरूप आहेत, कारण त्यात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या समजुतीला जास्त किंमत आहे. कचेरीतल्या अंगठ्याला असा एकही नंबर जोडलेला नसतो.

एक आक्षेप उरतो, आणि तो मराठी माणसाने घेतला तर त्याला दाद द्यायला हवी. ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ म्हणून उठलेले अध्यक्ष पाऊण तास बसत नाहीत, हे ज्यांनी मंडळा-मंडळांतून सोसले आहे, त्यांना ‘ओके’ लिहिणारा साहेब देवमाणूस वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या मराठी पत्रांतही तीन बंद भरून झाल्यावर ‘बहुत काय लिहिणे’ असे लिहिण्याची रीत होतीच. पण नीट पाहिले तर पाऊण तास बोलणारे अध्यक्ष आणि अंगठा दाखवणारे संचालक सख्खे भाऊ ठरतात. समोरच्याला काय कळले, याची चौकशी दोघेही करत नाहीत. एकाला आपला आवाज आवडतो, दुसऱ्याला आपली शांतता. त्यांतल्या त्यात अध्यक्ष बरे, कारण त्यांच्या पंचेचाळीस मिनिटांत चुकून एखादा निर्णय कारणासकट बाहेर पडण्याची शक्यता असते, आणि शेवटी चहा मिळतो.

म्हणून साहेबांना विनंती करण्यात फारसा अर्थ नाही. ते ‘नोटेड’ म्हणतील. विनंती हाताखालच्यांना आहे, आणि आपण सगळेच कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली असतो. प्रश्नाला उत्तर म्हणून अंगठा आला, तर भाष्यकारांच्या सभेला जाऊ नये. उलट टपाली एक ओळ लिहावी: ‘म्हणजे यंत्र दुरुस्त करायचे, नवे घ्यायचे नाही, असे मी समजतो आणि सोमवारी काम सुरू करतो.’ यावर साहेबांनी चार शब्द लिहिले, तर संस्थेला नेता मिळाला असे समजावे. पुन्हा अंगठाच दाखवला, तर या खेपेला तो कोणत्या मजकुराखाली उठवला आहे, एवढे तरी कागदावर राहील.